बालवाडीचे तीन तास आणि बाईचा पगार

जून महिना लागला की पुण्यातील पांढरपेशा घरांत जे अनेक लहानमोठे वाद उद्भवतात, त्यांत अलीकडे एका नव्या वादाची भर पडली आहे. घरात लहान मूल असते; त्याचे आईबाप दोघेही नोकरीस जात असल्यामुळे त्यास सांभाळण्यासाठी एक बाई ठेवलेली असते; आणि मूल तीन वर्षांचे होऊन बालवाडीत जाऊ लागले म्हणजे घरातील कोणा हिशेबी माणसाच्या मनात असा विचार येतो की, आता रोज तीन तास तर मूल शाळेत असते, मग त्या तीन तासांचा पगार बाईस का द्यावा? प्रश्न वरकरणी अगदी सरळ दिसतो. ज्या घरांत गावास जाताना दुधाचा रतीब बंद ठेवण्याची आणि न आलेल्या वर्तमानपत्राचे पैसे बिलातून वजा करण्याची शिस्त आहे, त्या घरांत हा विचार सुचला नाही तरच नवल. परंतु रतिबाचा न्याय माणसाच्या वेळेस लावता येतो की काय, हे जरा तपासून पाहिले पाहिजे, आणि तेच येथे करावयाचे आम्ही योजिले आहे.

कोणी म्हणेल की, एकत्र कुटुंबांत बाईची गरजच काय? आजी-आजोबा आहेत, काकू आहे. आमचा अनुभव असा की, आजचे एकत्र कुटुंब पूर्वीसारखे पंचवीस पानांचे राहिलेले नाही. आजीचे गुडघे दुखतात, आजोबांस दुपारी झोप लागते, काकू स्वतः बँकेत जाते. मुलाच्या मागे धावण्यास तरुण पाय लागतात, ते घरात कोणाजवळ रिकामे नाहीत. म्हणून बाई ठेवली जाते, आणि वडीलधारी मंडळी देखरेख करतात. ही व्यवस्था चांगली आहे. मात्र तिच्यात एक दोष हमखास शिरतो, तो असा की बाईस ठेवणारी एक, पगार देणारा दुसरा, आणि काम सांगणारी सहा माणसे अशी स्थिती होते. बाईच्या पगाराचा वाद अशा घरांत अधिक चिघळतो, कारण दिवसभर तिला पाहणाऱ्या आजीचे मत एक असते, आणि सकाळी आठास बाहेर पडून रात्री परत येणाऱ्या सुनेचे मत दुसरे असते.

आता आम्ही जन्मभर मुलांस हिशेब शिकविले असल्यामुळे प्रथम हिशेबच मांडतो. आकडे सोपे पडावेत म्हणून समजा की, बाई सकाळी नऊस येते व सायंकाळी सहास जाते, आठवड्यास सहा दिवस. आणि पगार १८,००० रुपये आहे. नऊ तासांस अठरा हजार, म्हणजे रोजच्या एका तासामागे महिना दोन हजार. मूल साडेनऊ ते साडेबारा बालवाडीत जाऊ लागले. हिशेबी गृहस्थ म्हणतो, तीन तास वजा, सहा हजार कमी, उरले बारा हजार. पगाराचा तिसरा हिस्सा एका झटक्यात गेला.

या हिशेबात एक ढोबळ चूक आहे, आणि ती चौथीतल्या मुलाच्याही ध्यानात यावी. बालवाडी वर्षाचे सगळे दिवस भरत नाही. भिंतीवरची दिनदर्शिका उतरवून तिच्यावर तांबड्या पेन्सिलीने खुणा कराव्या: उन्हाळ्याची सुटी, दिवाळीची सुटी, गणपतीचे दिवस, बहुतेक बालवाड्यांचा बंद असलेला शनिवार, सरकारी सुट्या, पावसाने अकस्मात दिलेली सुटी. आठवड्यास पाच दिवस भरणारी बालवाडी वर्षात १८० दिवस भरली असे धरू. बाईचे कामाचे दिवस मात्र सुमारे ३०० होतात. म्हणजे उरलेल्या १२० दिवशी मूल पूर्ण नऊ तास बाईच्याच अंगावर असते. ३०० दिवसांचे नऊ तासांप्रमाणे २,७०० तास. त्यांतून बालवाडीचे १८० दिवसांचे तीन तासांप्रमाणे ५४० तास वजा. ५४० हा २,७०० चा पाचवा हिस्सा आहे, तिसरा नव्हे. तेव्हा अगदी काटेकोर, कंजूष हिशेबानेही पगार १४,४०० च्या खाली जात नाही. बारा हजार देणारा गृहस्थ महिन्यास २,४०० आणि वर्षास २८,८०० रुपये नुसत्या भागाकाराच्या चुकीने बाईपासून घेतो. शिवाय मुलास ताप-खोकला झाला की बालवाडीच्या बाई त्यास घरी ठेवावयास सांगतात, आणि पहिल्या वर्षी मुले किती वेळा आजारी पडतात ते आईबापांस सांगावयास नको. त्या दिवसांचा हिशेब आम्ही धरलाच नाही.

परंतु हा कंजूष हिशेबही आम्हांस मान्य नाही. कारण त्याच्या मुळाशी असे गृहीत धरले आहे की, ते तीन तास बाईस मोकळे मिळाले. ते खरोखर मोकळे असतात काय?

कोथरूडमधील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. सुतारदऱ्याहून किंवा किष्किंधानगराहून आलेली बाई नवास मुलाचे तोंड धुते, त्याला दूध-पोळी भरविते. तो पायमोजे घालू देत नाही, त्याची समजूत घालते. डबा, पाण्याची बाटली, रुमाल पिशवीत घालून त्यास बालवाडीच्या दाराशी पोहोचविते. परत येईपर्यंत पावणेदहा होतात. बारास ती पुन्हा निघते, कारण मूल ताब्यात घेण्यास दोन मिनिटे उशीर झाला तर ते रडून आकांत करते. म्हणजे तीन तासांतील खरे रिकामे सव्वादोन तास. या सव्वादोन तासांत तिने टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या घरी जाऊन यावे, तर जाण्यायेण्यातच अर्धा वेळ जातो. दुसऱ्या घरी भांडी घासण्याचे काम धरावे, तर तेथील बाईसाहेब तिला विचारतात, ‘रोज येशील ना गं?’ आणि ती ‘हो’ म्हणू शकत नाही, कारण बालवाडीस सुटी असली की तिला येथेच थांबावे लागते. शिवाय बालवाडीतून केव्हाही दूरध्वनी येण्याचा संभव असतो की, मूल पडले आहे, घेऊन जा. तो दूरध्वनी आईच्या कचेरीत जातो, आणि आई बाईस कळविते, ‘मावशी, जरा धावत जाऊन आणता का?’ ज्या माणसास अशी हाक केव्हाही येऊ शकते, त्याचा वेळ त्याचा नव्हे. तो दुसऱ्याने बांधून ठेवलेला वेळ आहे. टांगा दाराशी उभा करून ठेवला तर पूर्वीचा टांगेवाला खोळंब्याचे पैसे मागत असे, आणि आजचा रिक्षावालाही मागतो. ते देताना घोडा धावत नव्हता असे कोणी म्हणत नाही.

आमच्या संस्कृतज्ञ वाचकांस एक जुना पुरावाही येथे सादर करतो. मनूने व्यवहाराची, म्हणजे खटल्यांची, जी अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत वेतन न देणे हे एक स्वतंत्र पद आहे. म्हणजे हा वाद दोन हजार वर्षांपूर्वीही न्यायासनापुढे येत असावा. परंतु सूक्ष्म विचार पाहावयाचा तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील तिसरे अधिकरण उघडावे. हा ग्रंथ शतकानुशतके लुप्तप्राय होता. म्हैसूर येथे आर. शामशास्त्री यांनी १९०९ साली तो छापून प्रसिद्ध केला, आणि पुढे प्रा. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठाकरिता त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यात धनी व नोकर यांच्या कराराविषयी जे सांगितले आहे ते आमच्या प्रश्नास इतके नेमके लागू पडते की, कौटिल्याच्या घरी बालवाडीत जाणारे मूल होते की काय अशी शंका यावी! कामाचा करार आसपासच्या लोकांस ठाऊक असावा, ठरलेले वेतन द्यावे, आणि ठरले नसेल तर काम व काळ या दोहोंच्या मानाने द्यावे, असे तो म्हणतो. नुसत्या कामाच्या मानाने नव्हे, काळाच्याही मानाने, हे लक्षात घ्यावे. नोकर काम करीत नसेल तर बारा पण दंड, आणि धनी काम करू देत नसेल तरी बारा पणच.

यापुढे मोठा रसाळ वाद आहे. पूर्वीच्या आचार्यांचे मत असे की, नोकर कामावर हजर झाला आणि धन्याने त्याजकडून काम करवून घेतले नाही, तर ते काम झालेच असे समजावे. कौटिल्यास हे मान्य नाही. वेतन केलेल्या कामाचे, न केलेल्याचे नव्हे, असे तो स्पष्ट म्हणतो. येथवर वाचून आमच्या हिशेबी गृहस्थास मोठा हर्ष होईल आणि तो पुस्तक मिटू लागेल. परंतु त्याने आणखी एक ओळ वाचावी. धन्याने थोडेसे जरी काम करवून घेतले आणि बाकीचे करू दिले नाही, तर ते सर्वच केले असे धरावे, असा अपवाद कौटिल्य लगेच घालतो. सकाळी नवास बाईकडून मुलाची न्हाणीधुणी करवून घेतली, त्यास शाळेत पोहोचविण्यास लावले, बारास परत आणावयास लावले, आणि मधला वेळ मात्र ‘तुला काम नव्हते’ म्हणून कापला, तर कौटिल्यासारखा कठोर हिशेबनीसही तो कापू देणार नाही.

अर्थात प्राचीनांचे सर्वच गोड मानून घ्यावे असे आमचे म्हणणे नाही. त्याच अर्थशास्त्रात दासांचेही नियम आहेत. आणि फार दूर कशाला, याच पुण्यात पेशवाईत मातबर घरांतून कुणबिणी बाळगण्याची चाल होती, त्यांस पगार नव्हता आणि घर सोडून जाण्याची मुभाही नव्हती. घरातल्या बाईचा सगळा दिवस आपलाच, ही जी एक अस्पष्ट भावना आजही पुष्कळांच्या मनात घर करून आहे, तिची मुळे तेथवर जातात असे आम्हांस वाटते. दिवस आपला, मग त्यातील रिकामा वेळही आपला. पण त्याचे दाम मात्र नको!

अर्वाचीन कायद्याने हेच तत्त्व निराळ्या शब्दांत मांडले आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात १५ व्या कलमात असे ठरविले गेले की, मनुष्य ठरल्या वेळेपेक्षा कमी काम करून गेला तरी, तो स्वतः काम करण्यास नाखूश नसून मालकानेच काम पुरविले नाही असे असेल, तर त्यास पूर्ण दिवसाचे वेतन मिळावे. २०१९ च्या वेतनसंहितेतही हे तत्त्व राखले आहे. जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांविषयी १८९ क्रमांकाचा जो करार संमत केला, त्यात तर आमच्या प्रश्नावरच बोट ठेवले आहे: ज्या वेळात कामगारास आपला वेळ आपल्या मर्जीप्रमाणे वापरता येत नाही, आणि बोलावणे येईल म्हणून घरवाल्यांच्या दिमतीस राहावे लागते, तो वेळ देशोदेशीच्या कायद्यांनी ठरविलेल्या प्रमाणात कामाचा धरावा. भारताने या कराराच्या बाजूने मत दिले, पण त्यास अनुसमर्थन मात्र दिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास समिती नेमावी असे केंद्र सरकारास सांगितले. कायदा होईल तेव्हा होवो. आपल्या स्वयंपाकघरातला न्याय त्यासाठी थांबावा असे नाही.

येथे आम्हांस आमच्याच पेशाची साक्ष द्यावीशी वाटते. शिक्षकास दिवसात एकदोन तास मोकळे मिळतात. त्या वेळी तो शिक्षकांच्या खोलीत चहा पितो, वह्या तपासतो, क्वचित डुलकीही घेतो. आम्ही हे सर्व केले आहे. मे महिन्यात शाळेस कुलूप असते, आणि शिक्षकास पगार मिळतो. त्या मोकळ्या तासांचा वा त्या सुटीचा पगार कापावा असे कोणत्याही सरकारने वा संस्थेने आम्हांस सुचविले नाही, आणि सुचविले असते तर आम्ही सभा भरवून निषेधाचा ठराव केला असता. जी बालवाडी मुलास तीन तास घेते, तीही वर्षाची फी घेते. मूल गोवराने पंधरा दिवस घरी राहिले म्हणून फी परत मागण्याचे धाडस कोणा पालकाने केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मग जो न्याय आम्ही स्वतःस लावून घेतो, आणि जो बालवाडीस मुकाट्याने लावू देतो, तो बाईपाशी येऊन का थबकतो? उत्तर सोपे आहे. शिक्षकाची संघटना असते, बालवाडीचा छापील नियम असतो. बाईजवळ दोहोंपैकी काहीच नसते.

आजीबाईंचा आक्षेप मात्र आम्ही हसण्यावारी नेणार नाही. त्या म्हणतात, ‘अहो, ती बसूनच असते की! मोबाईल पाहत असते. डोळ्यांदेखत माणूस रिकामे बसलेले आम्हांस बघवत नाही.’ हे म्हणणे प्रामाणिक आहे. ज्या पिढीने दुपारी आडवे होण्यापूर्वी गहू निवडले, शेवया वळल्या, वाती केल्या, त्या पिढीस रिकामे हात खुपणारच. त्यावर घरोघर जो उपाय निघतो तो आम्हांस अधिक आक्षेपार्ह वाटतो. प्रथम आजी म्हणतात, ‘तेवढ्यात जरा भाजी निवडून टाक.’ भाजी निवडण्यात वाईट काही नाही. दुसऱ्या महिन्यात ‘तेवढ्यात’ कपडे वाळत घालणे येते, तिसऱ्यात चार पोळ्या लाटणे, आणि दिवाळी येईपर्यंत मूल सांभाळण्यासाठी ठेवलेली बाई धुणेभांडी-स्वयंपाकाची बाई झालेली असते, पगार मात्र मूल सांभाळण्याचाच, किंवा त्याहूनही कमी केलेला. ‘तेवढ्यात’ या एका क्रियाविशेषणाने पुण्यात जितके फुकट काम करवून घेतले आहे, तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या शब्दाने करवून घेतले असेल. एकत्र कुटुंबात याचीच दुसरी तऱ्हा म्हणजे धाकट्या दिरांचे मूलही दुपारपुरते तिच्याजवळ सोडणे. ‘एक आहेच, त्यात दुसरे खेळेल.’ दोन मुले एकमेकांशी खेळतात हे खरे. पण एक स्वयंपाकघराकडे आणि दुसरे जिन्याकडे धावले म्हणजे बाईस दोन शरीरे नसतात.

तेव्हा रिकाम्या वेळात दुसरे काम घ्यावयाचे असेल तर ते उघडपणे, आधी सांगून, तिची संमती घेऊन ठरवावे. पगार पूर्वीचाच ठेवून तीन तासांत अमुक एवढेच घरकाम, आणि बालवाडीस सुटी असेल त्या दिवशी ते काम माफ, असे ठरले तर त्यात अन्याय नाही. उलट पुष्कळ बायांस तेच बरे वाटते, कारण पगार टिकतो आणि आजींच्या नजरेची टोचणीही थांबते. दुसऱ्याचे मूल आले तर त्याचे वेगळे पैसे, मग ते सख्ख्या पुतण्याचे का असेना.

पगार कमी करणे कधीच न्याय्य होत नाही, असेही आम्ही म्हणत नाही. ते तीन तास खरोखर तिचे करून टाकले तर होते. म्हणजे मुलास शाळेत नेण्या-आणण्याची व्यवस्था घरच्या कोणी, आजोबांनी म्हणा, पत्करावी. बाईने यावे दुपारी साडेबारास. सकाळ तिची, तीत तिने दुसरे घर धरावे. आजारपणाचा दूरध्वनी आला तर आजोबांनी जावे. अशा स्थितीत सहा तासांचा पगार द्यावा हे योग्य. मात्र एक महिना आधी सांगावे, म्हणजे तिला दुसरे काम पाहता येईल. आणि सुटीच्या दिवशी ती सकाळी येणार नाही, हे निमूट सोसावे. आली, तर त्या तासांचे जादा पैसे द्यावेत. सकाळची मोकळीकही आपल्याला हवी, सुट्यांत तिची हजेरीही आपल्याला हवी, आणि पैसे मात्र सहा तासांचेच, असा त्रिवेणी संगम साधू पाहणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. त्यांच्याकडे बाया टिकत नाहीत, आणि मग ‘हल्ली माणसेच मिळत नाहीत’ अशी तक्रार करीत ते शनिवारवाड्यापासून डेक्कनपर्यंत फिरतात.

आणखी एक मध्यम मार्ग आहे, तो मात्र दिवसाचे दोन तुकडे करण्याचा. बाईने सकाळी नऊस येऊन मुलास पोहोचवावे, मग जावे, आणि बारास पुन्हा यावे. कागदावर हे सुटसुटीत दिसते. पण बाईस दिवसातून दोनदा हेलपाटा पडतो. पर्वती पायथ्याच्या जनता वसाहतीतून सदाशिव पेठेत पायी येणाऱ्या बाईस, किंवा दोन बसगाड्या बदलून बाणेरला जाणाऱ्या बाईस, हा मधला वेळ रस्त्यावरच काढावा लागतो. अशा तुटक दिवसाचा पगार सलग सहा तासांच्या पगाराइतका धरणे चुकीचे होईल. तो पूर्ण दिवसाच्या पगाराच्या अगदी जवळ असला पाहिजे.

पुणेकरांस हा विषय नवा नाही. १९८० साली याच शहरातील मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला, आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. वेतनवाढ आणि हक्काची सुटी अशा साध्या मागण्या होत्या. भांडी पडून राहिली तेव्हा, घरातील कोणते काम कोणाच्या जिवावर चालते, याचा पुष्कळ सुशिक्षित घरांस प्रथमच पत्ता लागला असावा. दिवाळीस एक पगार देण्याची जी रीत आज अनेक घरांतून पाळली जाते, तीकडे आपण आपले औदार्य म्हणून पाहतो. तिच्यामागे या बायांचा झगडा आहे याचे स्मरण ठेवलेले बरे. पुढे २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. नोंदणी झालेल्या कामगार स्त्रियांस त्याचा लाभ मिळतो. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीच्या काळात राज्य सरकारने नोंदणीकृत घरकामगारांस १,५०० रुपयांचे साहाय्य जाहीर केले, तेव्हा नोंद नसलेल्या बाया हात चोळीत बसल्या. या नोंदणीस घरवाल्याचा दाखला लागतो, आणि तो लिहून देण्यास आमच्यातील भले भले कचरतात. सही केली तर पुढे काही अंगाशी येईल, अशी भीती त्यांस वाटते. महिन्याच्या महिन्यास मूल जिच्या हाती सोपवितो, तिच्या नावाने चार ओळी लिहिण्यास एवढे भ्यावे, हे चमत्कारिक होय.

मूल सांभाळण्याच्या कामाची किंमत आपला समाज कमी लावतो हे केवळ घरापुरते नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला, तेव्हा लहान मुलांस शिकविण्यासही शास्त्र लागते हे लोकांस पटविण्यातच त्यांची पुष्कळ शक्ती खर्च झाली. ताराबाई पुढे बोर्डीस व नंतर कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस होत्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यावी, या त्यांच्या प्रयोगातून अंगणवाडीची कल्पना वाढीस लागली. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारने एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाड्या देशभर उघडल्या. पण तेथील सेविकांस आजही मिळते ते वेतन नव्हे, ‘मानधन’ होय. नावात मान आणि धन दोन्ही असून दोन्ही बेताचीच. त्यांस उपदानाचा हक्क आहे हे ठरण्यास एप्रिल २०२२ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविका पुन्हा संपावर गेल्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वर्षांचे वय शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेतले हे चांगले झाले. मात्र आपल्या मुलास बालवाडीत पोहोचविणाऱ्या बाईचे मूल त्याच वेळी वस्तीतल्या अंगणवाडीत बसलेले असते, आणि ते सुटल्यावर त्यास घ्यावयास कोण जाते, हे आपण तिला विचारलेले नसते. ते विचारावे. बारास आपल्या मुलाच्या दाराशी तिने हजर असावे असा करार करताना, तिच्या मुलाच्या दाराशी कोण उभे आहे, हे कळलेले बरे.

संस्कृतात दाईस उपमाता असा सुंदर शब्द आहे. आम्ही मराठीत मावशी म्हणतो. नाते जोडण्यास पैसा पडत नाही म्हणून आपण ते लवकर जोडतो. मावशीच ती, तिला काय सांगावयाचे, असे म्हणून करार कागदावर उतरवीत नाही, आणि पगाराची बोलणी दाराआड उभ्याने होतात. आमची सूचना अशी की, जून उजाडण्यापूर्वी, शक्यतो एप्रिलमध्येच, एका संध्याकाळी बाईस चहा देऊन बसवावे. पगार देणारा, काम सांगणारी आजी आणि मुलाची आई या तिघांनीही समोर असावे. आणि तास किती, सुट्या किती, बालवाडी बंद असेल त्या दिवशी काय, मुलाच्या आजारपणात काय, तिच्या आजारपणात काय, हे एका साध्या वहीत मराठीत लिहावे. वही दोन प्रतींत असावी आणि एक तिच्याकडे राहावी. तिला वाचता येत नसेल तर तिच्या शाळेत जाणाऱ्या मुलीस वाचून दाखविता येईल अशा अक्षरात लिहावी. पगार महिन्याच्या ठरल्या तारखेस द्यावा, बँकेत भरणे तिला सोयीचे असेल तर तसा भरावा.

आणि शेवटची गोष्ट, जी सर्वांत जास्त वेळा चुकते. मूल सहा वर्षांचे होऊन दिवसभराच्या शाळेत जाऊ लागले की बाईची गरज संपते. शाळेतील प्रवेश पुष्कळ आधी निश्चित झालेला असतो, पण बाईस ते जूनच्या पहिल्या आठवड्यात सांगण्यात येते, बहुधा एक साडी हातात ठेवून. तीन-चार वर्षे जिने मूल वाढविले तिला तीन-चार महिने आधी कळणे कठीण नाही. प्रवेश निश्चित झाल्याच्या दिवशी पेढे वाटतो, त्याच दिवशी तिलाही सांगावे. तिला दुसरे घर पाहून द्यावे, तेथे आपली चिठ्ठी द्यावी. आणि निघताना झालेल्या प्रत्येक वर्षामागे निदान पंधरा दिवसांचा पगार हिशेब करून द्यावा. साडी त्याखेरीज द्यावी.